कॅलगरी ते बुकोबा

शनिवार, ९ नोव्हेंबर २०१९

डॉक्टर आज माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघत होता. तेव्हाच कळलं. छत्तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिले आहे मी – उत्तर येत नसलेलं पोर कुठे बघतं हे मला कुणी शिकवू नये.

"आठवडा, बाई. फार तर दहा दिवस."

"आठवडा की दहा दिवस? दोन्ही एक नव्हे."

त्याने पुन्हा खिडकीकडे बघितलं. त्याचा काय दोष. पण कुणावर तरी चिडल्याशिवाय त्या व्हरांड्यातून चालणं जमलं नसतं.

माझे यजमान मुतायोबा खाटेवर जागे होते. पोट फुगलंय, हात काडीसारखे. मला वाटलं डॉक्टर काय म्हणाला ते विचारतील. त्यांनी विचारलं, "आपली कोकू किती लांब आहे गं?"

"कॅनडात आहे. अकरा वर्षं तिथेच आहे. आज नवीन काय?"

"तसं नाही. अंतर विचारतोय. तू भूगोलाची बाई ना?"

घरी आल्यावर कपाटावरचा पृथ्वीगोल काढला. शाळेने निरोपाला दिलेला. बोटभर धूळ. शिवणाचा दोरा घेतला, एक टोक बुकोबावर, आपल्या तळ्याच्या पश्चिम काठावर दाबलं, दुसरं कॅलगरीवर, आणि ताणला. मुलींना असंच शिकवलं – नकाशावर सरळ दिसते ती वाट जवळची नसते, गोलावर ताणलेला दोरा खरा. दोरा लिबियावरून गेला, फ्रान्सवरून, आयर्लंडच्या कडेने, ग्रीनलंडच्या बर्फावरून.

साडेतेरा हजार किलोमीटर. तीनदा मोजलं. तीनदा तेवढंच.

रविवार, १० नोव्हेंबर

त्यांना सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

"विमानाला किती वेळ?"

"सरळ गेलं तर पंधरा-सोळा तास. पण सरळ जात नाही. कुणीच सरळ जात नाही."

"एवढंच? वाऱ्यात सापडली तर तळ्यापलीकडे म्वान्झाला जाणाऱ्या बोटीलाही एवढा लागायचा." हसले. हसल्यावर बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "तिला बोलाव. पहिली मूठ तिची."

एकुलतं एक पोर. बापाच्या खड्ड्यात पहिली मूठभर माती पोरानेच टाकायची, त्याशिवाय म्हातारा निघत नाही – सगळं गाव असं मानतं. फादर मानत नाहीत, पण तेही मुकाट उभे राहतात.

मी हो म्हटलं. अकरा वर्षं मी तिला स्वतः होऊन फोन केलेला नाही. एक पत्र लिहिलं होतं. तिने घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न केलं, तेही चर्चमध्ये नव्हे, सरकारी कचेरीत जाऊन सह्या ठोकून. मी लिहिलं – त्या माणसाला घेऊन माझ्या दारात येऊ नकोस. तर ही बाई त्याच्याशिवाय एकटीही आली नाही! लहानपणी दहादा सांगावं तेव्हा एकदा ऐकायची. माझं अक्षरशः ऐकण्याची हौस तिला नेमकी तेव्हा आली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

फोन केला. तिकडे पहाट असावी, आपल्यापेक्षा दहा तास मागे आहेत. मी म्हटलं, "तुझे वडील चालले. तुला बोलावतात."

"येते, आई."

एवढंच. कारण नाही, रडणं नाही. मी वाद घालायची तयारी करून बसले होते, तो सगळा वाद तोंडातच राहिला.

पण गुरुवारच्या आधी निघता येत नाही म्हणे. ती म्हाताऱ्यांच्या इस्पितळात काम करते, तिच्या जागी दुसरी परिचारिका मिळायला हवी. म्हणजे परक्यांचे म्हातारे आधी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मुतायोबा सकाळी गेले. मी त्यांची लापशी गरम करून आणायला गेले होते तेवढ्यात. परत आले तर वाडगा कुठे ठेवावा ते कळेना.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

घरात पाय ठेवायला जागा नाही. जमिनीवर गवत अंथरलंय, बायका चटयांवर, पुरुष बाहेर केळीखाली. मला कोपऱ्यात बसवलंय विधवा म्हणून. विधवेने काही करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. बेचाळीस वर्षं ज्या घराचा कोपरान् कोपरा मी झाडला तिथे मला पाण्याचा पेला कुणी दुसरी आणून देते आणि तो चुकीचा पेला असतो.

कोकू निघाली. तिने सगळा प्रवास कळवला, तो वहीच्या मागच्या पानावर मांडला. कॅलगरी ते युरोप नऊ तास. तिथे सहा तास बसून राहायचं. युरोप ते दार-एस-सलाम अकरा. तिथे पाच तास. दार ते म्वान्झा दीड. म्वान्झाला साडेतीन तास थांबायचं. म्वान्झा ते बुकोबा, तळ्यावरून, पाऊण तास. एकूण पावणेसदतीस तास. शनिवारी दुपारी सव्वाबाराला इथे उतरते.

सोळा तासांच्या अंतराला सदतीस तास. उरलेले एकवीस तास माणूस खुर्चीवर बसून असतो आणि त्यालाही प्रवासच म्हणतात.

धाकटे दीर कागारुकी उद्याच माती द्यायची म्हणत होते. मी गवतावरून उठले. विधवा उठली म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. म्हटलं, "शनिवारी." परत बसले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज दिवसभर तासावरून भांडण.

भाऊजींचं म्हणणं, शनिवार तर शनिवार, पण माती सहाला. म्हणजे दुपारी बाराला. आमच्याकडे तास सूर्यापासून मोजायचे, उजाडून एक तास सरला की एक वाजला. मिशनच्या शाळेत सिस्टर मारी-क्लेअरनी आम्हा मुलींना दुसरं घड्याळ शिकवलं, इंग्रजीचं. दोन्हींत सहा तासांचा फरक. मी शाळेत एकच नियम चालवला – स्वाहिलीत बोलाल तर स्वाहिली तास, इंग्रजीत बोलाल तर इंग्रजी तास, सरमिसळ केली की वर्गाबाहेर. कोकूला घरातसुद्धा सूट नव्हती. ही वही मी सिस्टरांच्या घड्याळानेच लिहिते.

विमान सव्वाबाराला उतरतं. मी म्हटलं, "नऊ." म्हणजे दुपारी तीन.

"वहिनी, नऊला माती दिली तर लोक अंधारात घरी जायचे."

"अंधार बाराला पडतो, भाऊजी. मध्ये तीन तास आहेत. तीन तासांत ज्यांना आपलं घर सापडत नाही, त्यांनी मुळात येऊच नये."

"आणि पोरगी आलीच नाही तर? अकरा वर्षांत वाट विसरली असेल."

"माझी मुलगी आहे. सांगितलेल्या वेळेला हजर राहते."

"तुमची आहे म्हणूनच विचारतोय."

बाहेर कुणीतरी हसलं. कॉफीच्या बिया चघळत, पचापच थुंकत चाललं होतं सगळं. माझा नवरा शवागारात आणि हे माझ्याशी बाजारातल्या केळ्यांच्या घडासारखी घासाघीस करतायत. सहा. नाही, नऊ. बरं, सात. नऊ. वहिनी, आठला काय हरकत आहे? नऊ, नऊ, नऊ! संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडात दुसरा शब्द उरला नव्हता. शेवटी फादर म्हणाले, "नऊ असू द्या. आईच्या मनाचं होऊ द्या."

तिथेच चटईवर बसून कोकूला फोनवर निरोप लिहिला. इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलं की रडणं आत शिरत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आली नाही.

सकाळी सातलाच मी सगळ्यांचे फोन बंद करायला लावून टोपलीत घेतले, माझाही त्यात. कुणाच्या फोनवर ढोल, कुणाच्या फोनवर कोंबडा – माणूस मेलाय या घरात. सगळी माणसं इथेच होती, कोकूला घ्यायला पीटर टॅक्सीवाला धावपट्टीवर उभा होता. कुणी कुणाला फोन करायचाय?

पीटर एकच्या सुमारास रिकामी गाडी घेऊन आला. "एकोणीस जण उतरले, बाई. मी मोजले. दोनदा विचारलं."

तीनपर्यंत थांबलो. तीनला भाऊजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

पहिली मूठ भाऊजींच्या मुलाने टाकली. माती ओली होती. ती सुटी पडलीच नाही, गोळा होऊन पडली. तो आवाज.

रविवार, १७ नोव्हेंबर

दुपारी फोन सुरू केला. कोकूचे चौदा फोन येऊन गेलेले, सगळे काल सकाळचे. आणि एक निरोप, काल दुपारी सव्वातीनचा – "आई, माझं बुकोबाचं विमान चुकलं. परत निघाले. मला माफ कर."

परत निघाले. म्वान्झापर्यंत आली आणि परत निघाली. साडेतेरा हजारांतले दोनशे किलोमीटरसुद्धा उरले नव्हते. आपल्या काठावर उभं राहून दगड टाकावा एवढं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

फोन केला. ती घरी पोहोचली होती. मागे लहान मुलाचा आवाज येत होता. तो मुलगा मी पाहिलेला नाही.

"विमान चुकलं? आठला म्वान्झात उतरलीस, विमान साडेअकराला. साडेतीन तास काय केलंस तू? मासे घेतलेस?"

"नाही, आई."

"मग?"

"चुकलंच माझं."

"बोट होती. रस्ता होता. आणि काही नाही तर दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. बापाच्या मातीपर्यंत नाही तर निदान आईपर्यंत यायचंस."

मी पुढे पुष्कळ बोलले. ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की ती प्रत्येक वाक्यानंतर "हो, आई" म्हणत होती आणि त्यानेच मला जास्त चेव येत होता. उलट बोलणारं पोर हवं असतं अशा वेळी. शेवटी म्हटलं, मला मुलगी नाही, असं समजते. म्हणाली, "तू जेवतेस ना वेळेवर?"

मी फोन ठेवला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

काही नाही. पाऊस. त्यांच्या चपला अजून दारात. कुणी हलवत नाही, मीही नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

बहीण थेओनेस्टा सोबतीला राहिलीय. बाकी पांगले. नाकतोड्यांचा हंगाम सुरू झालाय, शेजारणी घमेली भरून पंख तोडत बसल्यात आणि घरोघर तळण्याचा वास. मुतायोबांना फार आवडायचे. थेओनेस्टाने वाडगाभर आणून दिले. मी ते तसेच झाकून ठेवले, संध्याकाळी मुंग्यांनी खाल्ले.

थेओनेस्टा पंख तोडता तोडता म्हणाली, "तुझ्या जिभेला घाबरली असेल पोर."

"चाळीस वर्षांची बाई आहे ती."

"मी अडुसष्टची आहे. मीही घाबरते."

"तू घाबरतेस? एवढं बोलतेस की."

"घाबरत घाबरत बोलते." वर बघितलं नाही. "ताई, म्वान्झापर्यंत आलेलं माणूस उगाच परत फिरत नाही. काहीतरी झालं असेल."

"काय झालं असेल? सांग. कारण सांग एक."

तिने पुढचा नाकतोडा उचलला.

रविवार, २४ नोव्हेंबर

चर्चमध्ये मिसाला गेले. लोक हात हातात घेतात आणि मागे कुजबुजतात. "मुलगी आली नाही ना." ऐकू येतं मला, म्हातारी झाले तरी कान शाबूत आहेत. यांच्या मुली इथेच, दोन घरं टाकून, आणि त्याही आयांना विचारत नाहीत, ते चालतं.

रात्री झोप लागत नाही म्हणून दिवसा हिशेब करते. कोकूचे चौदा फोन तपासले. पहिला सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी. मग दर तीन-चार मिनिटांनी. शेवटचा आठ अठ्ठावन्नला. त्यानंतर एकही नाही.

हे बसत नाही. विमान चुकलेलं माणूस विमान चुकल्यावर फोन करतं. साडेअकरानंतर. हिचं विमान चुकायला अजून अडीच तास होते आणि ही आधीच फोन करते, वेड्यासारखे करते, आणि नऊला थांबते. जणू नऊला काही संपलं.

एकच अर्थ निघतो. तिला यायचंच नव्हतं. उतरल्या उतरल्या कच खाल्ली, नाही येत म्हणून सांगायला फोन करत राहिली, मी उचलला नाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं असेल. मग "विमान चुकलं". मी शाळेत असली शंभर कारणं ऐकली आहेत. ताप आला, बोट बुडाली, आजी वारली. एकेकीची आजी चारदा वारायची.

मुतायोबा, तुमच्या लाडकीने हे केलं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

थेओनेस्टाशी पुन्हा वाजलं. म्हणते मी पोरीवर अन्याय करते. म्हणते, "तू तिला नीट कळवलं होतंस तरी का?"

मी नीट कळवलं नव्हतं! मी!

ठीक आहे. याचा निकाल कागदावरच लागू दे. शुक्रवारी मी कोकूला काय लिहिलं ते फोनमधून बघून शब्दशः इथे उतरवते, म्हणजे माझ्यामागे कुणी म्हणायला नको की युलालियाने पोरीला अंधारात ठेवलं. मूळ इंग्रजी, अर्थ असा –

"माती उद्या, शनिवारी, ९ वाजता. तोपर्यंत पोहोचली नाहीस तर नंतर येण्याची तसदी घेऊ नकोस. – आई."

९ वाजता.

इंग्रजीत लिहिलंय मी. इंग्रजीत ९.

तीन लिहायला हवे होते.

बुधवार, २७ नोव्हेंबर

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तिने विचार केला असता – काका चुकले असतील, आत्या चुकली असेल, आपल्या माणसांची नेहमीचीच सरमिसळ. सकाळी नऊला कोण माती देतं? पण आईने लिहिलंय. आई तासात चुकत नाही. आई सरमिसळ करणाऱ्याला वर्गाबाहेर काढते.

आठला म्वान्झात उतरली. फोन तिथे लागला असेल, तेव्हा निरोप वाचला. तिच्या हिशेबाने बापाच्या मातीला एक तास राहिला आणि तळं ओलांडणारं विमान साडेतीन तासांनी. चौदा फोन केले – थांबा म्हणून सांगायला. टोपलीत. झाकण मी स्वतः लावलं होतं.

नऊ वाजले. तिने फोन करणं थांबवलं.

आणि मी लिहिलं होतं, नंतर येऊ नकोस. ती आली नाही. अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं तेव्हाही आली नव्हती.

विमान चुकलं असं का म्हणाली ते मात्र कळत नाही. लाज वाटली असेल. कुणाची, देव जाणे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थेओनेस्टाला सांगितलं. ती भांडी घासायला गेली. तिने टोचून बोलावं म्हणून मी किती वेळ दारात उभी होते.

त्यांच्या कबरीवर जाऊन आले. केळीची पानं वाऱ्याने फाटून लोंबतायत. मुतायोबांना सांगायला तोंड उघडलं, मग नुसती माती सारखी केली. आयुष्यभर माझ्या शब्दांना तोटा नव्हता.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

फोन हातात घेतला, ठेवला. पाचदा. दुसऱ्यांना कबुली द्यायला लावणं सोपं. उद्या.

शनिवार, ३० नोव्हेंबर

कोकूला फोन केला. इकडचं तिकडचं काही बोलले नाही. म्हटलं, चूक माझी. तीनच्या जागी नऊ लिहिले.

"माहीत आहे, आई."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी. म्वान्झाहून दारला परत जाणाऱ्या विमानात होते. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते, त्यांना स्वाहिलीत सहज वेळ विचारली. ते म्हणाले, आठ चाळीस. मी खिडकीतून बघितलं तर भर दुपार."

म्हणजे दोन चाळीस. मातीचे नऊ वाजायला अजून वीस मिनिटं होती.